उतारावर न्यूट्रल की गिअर? गाडीच्या ॲव्हरेजविषयी बेळगाव सीमाभागातील अनुभव

गेल्या महिन्यात गोव्याला जाताना चोर्ला घाटात शेजारी बसलेल्या मामांनी मला दोनदा टोकले. "अरे, उतरती लागली, न्यूट्रल कर की. उगाच कशाला पेट्रोल जाळतोस?" मी गाडी तिसऱ्या गिअरमध्येच ठेवली आणि गोव्यातले साखळी गाव येईपर्यंत आमचा वाद चालू राहिला. मामांनी आयुष्यातील चाळीस वर्षे गाडी चालवली आहे आणि त्यांचे म्हणणे मला मोडवत नव्हते, पण माझे वाचनही मला सोडवत नव्हते. घरी परतल्यावर ध्यानात आले की आपल्याकडे ॲव्हरेजविषयी प्रत्येक घरात एखादे ठाम मत असते, ते बापाकडून मुलाकडे जाते, आणि मोजून पाहिलेले मात्र फार थोडे असतात.

म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर आणि अथणी या बाजूंच्या परिचितांना, आणि त्यांच्यामार्फत त्यांच्या परिचितांना, मी एक विनंती केली. आपण आपल्या गाडीचे ॲव्हरेज वाढवण्यासाठी काय केले, ते कसे मोजले आणि त्यातून काय निष्पन्न झाले, हे लिहून कळवावे. जे फसले तेही लिहावे. नाव देण्याची गरज नाही, गाव आणि व्यवसाय पुरे.

मोजण्याची पद्धत मी आधीच ठरवून दिली होती. एकाच पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचे, टाकी पाऊण संपल्यावर पुन्हा त्याच पंपावर तशीच भरायची, आणि धावलेल्या किलोमीटरांना दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरांनी भागायचे. असे लागोपाठ तीन वेळा करून सरासरी काढली तरच आकडा विश्वासाचा. डॅशबोर्डवर दिसणारा आकडा बहुतेक गाड्यांत थोडा चढाच असतो, त्यामुळे तो आज आणि उद्याची तुलना करण्यापुरता वापरावा. कंपनीच्या माहितीपत्रकातील आकड्याचीही अशीच गोष्ट आहे. ती चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी रोलरवर ठेवून, एसी बंद ठेवून, ठरवून दिलेल्या वेगांच्या क्रमाने ती घेतली जाते आणि त्यात वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जातच नाही. आपल्या गाडीने तो आकडा दिला नाही म्हणून गाडी बिघडली असे समजू नये.

आलेली पत्रे थोडी संपादून पुढे देत आहे.

शहापूर, बेळगाव. निवृत्त सरकारी कर्मचारी

आपल्या मामांची बाजू मांडण्यासाठी हे लिहीत आहे. मी १९८४ साली जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली आणि पुढची चौदा वर्षे ती चालवली. त्या काळी आंबोली घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून सोडणे हा आम्हा सर्वांचा शिरस्ता होता आणि त्याने पेट्रोल वाचत असे, हे मी तेव्हा वहीत लिहून ठेवलेल्या हिशेबावरून ठामपणे सांगू शकतो. हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर दर सहा महिन्यांनी उघडून जेट साफ करणे, सकाळी चोक ओढून गाडी सुरू केल्यावर तो वेळीच आत ढकलणे, प्लगची फट फीलर गेजने तपासणे, ही सारी कामे मी स्वतः करत असे. त्यामुळे हल्लीची मुले जेव्हा म्हणतात की न्यूट्रलने काही वाचत नाही, तेव्हा मला ते पटत नाही. आमचे हिशेब खोटे नव्हते.

उद्यमबाग, बेळगाव. इंजिनाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यातील निवृत्त सुपरवायझर

शहापूरच्या काकांचा हिशेब खरा आहे, आणि आज गिअरमध्ये उतरा असे सांगणारी मुलेही खरे बोलतात. मध्ये यंत्र बदलले, हे कुणी नीट समजावून सांगितले नाही एवढेच.

कार्बोरेटरला स्वतःचे डोके नसते. इंजिनाने हवा ओढली की त्या ओढीबरोबर पेट्रोल येते. उतारावर गाडी गिअरमध्ये असेल तर चाके इंजिनाला जोराने फिरवतात, थ्रॉटलची झडप बंद असते, त्यामुळे आत मोठी पोकळी तयार होते आणि आयडलिंगच्या (इंजिन नुसते चालू ठेवण्याच्या) बारीक छिद्रातून पेट्रोल ओढले जातच राहते. इंजिनाच्या फेऱ्या जितक्या जास्त, तितके ते जास्त. न्यूट्रल केले की फेऱ्या मिनिटाला आठशेवर येत आणि खर्च कमी होई. काकांच्या वहीतील आकडे याच कारणाने बरोबर येत होते.

इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल किती द्यायचे हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो आणि इंजेक्टर ते फवारतो. ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला आहे, गाडी गिअरमध्ये आहे आणि इंजिनाच्या फेऱ्या साधारण दीड हजाराच्या वर आहेत, असे त्याला दिसले की तो इंजेक्टर बंदच करतो. त्या वेळी इंजिन चाकांच्या जोरावर फिरते आणि पेट्रोल शून्य लागते. फेऱ्या बाराशे-पंधराशेच्या आसपास उतरल्या की इंजिन बंद पडू नये म्हणून तो इंजेक्टर पुन्हा चालू करतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्वतःच्या बळावर फिरत राहावे लागते आणि त्यासाठी पेट्रोल जळत राहते. म्हणजे आज न्यूट्रल करणारा माणूस वाचवायला जातो आणि खर्च करून बसतो.

पेट्रोलपेक्षा मोठी गोष्ट ब्रेकची आहे. न्यूट्रलमध्ये गाडीचे सगळे वजन ब्रेकवर येते. घाट लांब असला की ब्रेक तापतात, वास येऊ लागतो आणि ऐन वळणावर पाय दाबूनही गाडी थांबत नाही. इंजिनच बंद करून उतरणारेही मी पाहिले आहेत. त्यात ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्हींचा आधार सुटतो. असे कुणीही करू नये, हे मी हात जोडून सांगतो. ज्या गिअरने तुम्ही घाट चढाल, त्याच गिअरने उतरा.

एक मर्यादाही सांगून ठेवतो. उतार फार सौम्य असेल आणि गिअरमुळे गाडी हळू होऊन पुन्हा ॲक्सिलरेटर द्यावा लागत असेल, तर टॉप गिअर ठेवून पाय अगदी हलका ठेवावा. आणि इंजेक्टर बंद होण्याचा हा फायदा फक्त घाटातच मिळतो असे नाही. खानापूर रस्त्यावर मच्छे, पिरनवाडीचे गतिरोधक रोजच्या ओळखीचे आहेत. शंभर-दीडशे मीटर अलीकडेच पाय काढून गाडी गिअरमध्ये येऊ दिली, तर तेवढे अंतर फुकटात कापले जाते. जो शेवटपर्यंत रेस देऊन मग ब्रेक मारतो, तो विकत घेतलेले पेट्रोल ब्रेकच्या पट्ट्यांवर उष्णता करून उडवतो.

टिळकवाडी, बेळगाव. महाविद्यालयात लिपिक

माझा प्रवास रोजचा आणि छोटा आहे, पण मध्ये रेल्वे गेट आहे. गेट पडले की कधी पाच, कधी दहा मिनिटे थांबावे लागते आणि मी गाडी चालू ठेवून, एसीत बसून राहत असे, कारण पुन्हा पुन्हा स्टार्टर मारल्याने पेट्रोल जास्त जाते असे मी लहानपणापासून ऐकले होते. माझ्या भाच्याने ओबीडीच्या, म्हणजे गाडीच्या संगणकातील आकडे वाचण्याच्या, सॉकेटात छोटा स्कॅनर लावून मोबाइलवर दाखवले की माझी गाडी उभ्या उभ्या एसीसह तासाला सुमारे ०.८ लिटर पिते. दिवसाकाठी पंधरा मिनिटे धरली, महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तर सव्वासहा तास होतात आणि पाच लिटर पेट्रोल गेटापाशी जळते. इंजेक्शनच्या गाडीला पुन्हा सुरू होण्यासाठी जे पेट्रोल लागते, ते दहाएक सेकंदांच्या आयडलिंगपेक्षा जास्त नसते. आता गेट पडलेले दिसले की मी किल्ली फिरवते. तीन टाक्यांची सरासरी १२.९ वरून १४.१ वर आली. याशिवाय मी दुसरे काहीही बदललेले नाही.

निपाणी. बँक कर्मचारी

माझी आठवड्यातून एकदा बेळगावला फेरी असते, जाऊन-येऊन साधारण दीडशे किलोमीटर. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर गाडी सहज १०५-११० ने पळते आणि ती तशी पळवण्यात मला अभिमानही वाटत असे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे शाळेत शिकलो होतो पण त्याचा आपल्या खिशाशी संबंध लावला नव्हता. ८० वरून १०० वर गेलो तर वेग सव्वापट होतो, पण हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. मी तीन आठवडे जुन्या पद्धतीने आणि तीन आठवडे ८० ते ८५ च्या दरम्यान गाडी चालवली. पहिल्या तीन आठवड्यांची सरासरी १७.६ आली, नंतरच्या तीनची २०.९.

वेळेचा फरक किती पडला, हे सगळे विचारतात. एका बाजूने बारा ते तेरा मिनिटे. हत्तरगीचा टोलनाका, तवंदी आणि वंटमुरीचे घाट, मालवाहू ट्रकांच्या मागे अडकणे, या सगळ्यांत वेगाने मिळवलेला बराचसा वेळ तसाही निघून जातो. घाट चढताना पूर्वी मी टॉप गिअरचा हट्ट धरून इंजिन गुदमरवत असे. आता एक गिअर खाली घेऊन, अर्ध्याहून थोडा जास्त ॲक्सिलरेटर देऊन चढतो. गाडी कमी थरथरते आणि डॅशबोर्डवरचा आकडाही कमी पडलेला दिसत नाही.

गाडीच्या छतावरचा कॅरिअर आम्ही गणपतीला गावी जाताना लावला होता आणि तो दिवाळीपर्यंत तसाच होता. तो काढल्यावर महामार्गावर वाऱ्याचा आवाजही गेला. तो कशासाठी दोन महिने वाहून नेला, याचे उत्तर घरात कुणापाशीही नव्हते.

चिकोडी. डॉक्टर

डिझेल गाडीवाल्यांसाठी माझा अनुभव उपयोगी पडावा. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमार्गात काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, आली. घर ते दवाखाना दोन किलोमीटर आणि दुपारी परत घर, एवढीच माझी धाव. इंजिन पूर्ण तापायच्या आत मी ते बंद करत असे. गाळणीत साठलेली काजळी जाळण्यासाठी गाडीचा संगणक जादा डिझेल फवारून एक्झॉस्टचे तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतो, आणि मी नेमकी ती क्रिया अर्ध्यात तोडत असे. मग ती पुन्हा सुरू, पुन्हा जादा डिझेल, पुन्हा अर्धवट. ॲव्हरेज १८ वरून १३ वर आले, पिवळा दिवा लागला आणि ऑइलची पातळी डिपस्टिकवर चढलेली दिसली, कारण न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरत होते.

आता आठवड्यातून एकदा मी निपाणीपर्यंत गाडी नेतो आणि वीस-पंचवीस मिनिटे साठच्या वर एकसारखा वेग ठेवतो. दिवा पुन्हा लागलेला नाही. ज्यांची धाव माझ्यासारखी आखूड आहे त्यांनी डिझेल गाडी घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. विक्रेत्याने मला हे सांगायला हवे होते आणि ते सांगितले गेले नाही.

अथणी. किराणा व्यापारी

माझी तक्रार आहे आणि तिला उत्तर हवे आहे. माझी पेट्रोल गाडी सात वर्षांची आहे. दोन उन्हाळ्यांपूर्वी ती विजापूरच्या वाटेवर तापली. तिथल्या एका गॅरेजात दुरुस्त केली आणि त्यानंतर ती एकदाही तापली नाही, पण ॲव्हरेज १६ वरून १३ वर आले ते आलेच. प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ करून घेतले, टायर नवे घातले. फरक काही नाही. चेक इंजिनचा दिवाही लागत नाही. गाडीचा तापमानाचा काटा पूर्वी मध्यावर उभा राहायचा, आता तो खालीच असतो, हे मी चांगले लक्षण समजतो.

उद्यमबागच्याच सुपरवायझर काकांचे उत्तर

अथणीच्या भावाला माझे सांगणे आहे की काटा खाली राहणे हे चांगले लक्षण नाही. गाडी तापली होती असे आपण लिहिता, त्यावरून मला शंका येते की त्या वेळी थर्मोस्टॅट काढून टाकला असावा. आपल्याकडे हे सर्रास होते. ऊन एवढे आहे, थर्मोस्टॅट हवा कशाला, असे म्हणून मिस्त्री तो काढून फेकतात आणि गाडी तापायची थांबली की गिऱ्हाईकही खूश होते.

थर्मोस्टॅटचे काम इंजिनाला लवकर गरम करणे आणि मग त्या तापमानावर टिकवणे हे आहे. साधारण ८२ ते ८८ अंशांवर तो उघडतो आणि तोपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरते आणि इंजिन साठ-पासष्ट अंशांवरच रेंगाळते. पाण्याचा सेन्सर ईसीयूला कळवतो की इंजिन अजून थंड आहे, आणि थंड इंजिनाला जास्त पेट्रोल द्यायचे असते म्हणून ईसीयू ते देत राहतो. शिवाय थंड ऑइल दाट राहते, त्याचे घर्षण वेगळेच. स्कॅनर लावून महामार्गावर अर्धा तास चालवल्यानंतरचे तापमान पाहा आणि मला कळवा. सत्तरच्या खाली असेल तर बाकी काहीही बदलू नका.

दिवा लागत नाही म्हणजे सर्व ठीक आहे, असे का समजू नये, यासाठी माझ्या स्वतःच्या गाडीची गोष्ट सांगतो. पेट्रोल गाडीत हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ ला १ असावे लागते. सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला ऑक्सिजन सेन्सर जळून आलेल्या वायूंत प्राणवायू किती उरला हे पाहतो आणि त्यावरून ईसीयू पेट्रोल कमी-जास्त करतो. ही दुरुस्ती किती टक्के चालली आहे, ते स्कॅनरवर फ्युएल ट्रिम या नावाने दिसते. शून्याच्या आसपास, दहा टक्के इकडे-तिकडे, इतके चालते. माझ्या गाडीत आयडलिंगला ते अधिक १८ दाखवत होते आणि अडीच हजार फेऱ्यांवर अधिक ६. म्हणजे ईसीयू सतत जास्त पेट्रोल ओतत होता. प्लग काढून पाहिले तर काजळीने काळे. पेट्रोल कमी पडत असते तर प्लग पांढरट दिसले असते, काळे नव्हे. दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध साक्ष देत होत्या, आणि तिथे मी दोन दिवस अडलो.

तिसऱ्या दिवशी पहाटे, इंजिन थंड असताना, गाडी सुरू करून कान दिला तेव्हा बारीक टक्-टक् ऐकू आले. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातून जळके वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या, गास्केटला केसाएवढी चीर गेली होती. त्या चिरेतून बाहेरची हवा आत ओढली जात होती, सेन्सरला प्राणवायू जास्त दिसत होता, आणि बिचारा ईसीयू प्रामाणिकपणे पेट्रोल वाढवत होता. इंजिन तापले की धातू प्रसरण पावून चीर मिटे आणि आवाज बंद होई. आयुष्यभर मी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात काम केले, त्यामुळे ती चीर बोटाला लागली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. गास्केट बदलले, पृष्ठभाग घासून सरळ केला, ट्रिम अधिक ३ वर आले आणि ॲव्हरेज १४.२ वरून १६.८ वर गेले. खर्च गास्केटचा आणि एका सकाळचा.

खानापूर. शिक्षिका

मी दर सोमवारी टायरमधील हवा तपासते. पूर्वी पंक्चरवाला जेवढी मारेल तेवढी, असे होते. पहिल्यांदा स्वतःचा गेज घेऊन पाहिले तेव्हा चारही टायरांत २४ पीएसआय होती. दाराच्या चौकटीवरील पत्रकात ३२ लिहिले आहे. मला वाटले आता ॲव्हरेज एकदम वाढेल, पण माझ्या नोंदीत फरक अर्ध्या किलोमीटरच्या आतच आला. नंतर वाचले की दर एका पीएसआयमागे इंधनात सुमारे ०.२ टक्क्यांचाच फरक पडतो, तेव्हा हिशेब जुळला. तरीही मी हे सोडणार नाही, कारण कमी हवेने टायर कडेला झिजत होते आणि आमच्या भागातल्या पावसात ओल्या रस्त्यावर मला पकड हवी आहे.

दुसरा अनुभव त्या पावसातलाच. जुलैमध्ये चेक इंजिनचा दिवा लागला आणि गाडी दोनच दिवसांत पेट्रोलच्या वासाने भरू लागली. बॉनेट उघडले तर उंदरांनी ऑक्सिजन सेन्सरची वायर कुरतडली होती. सेन्सर गप्प झाला की ईसीयू अंदाजाने पेट्रोल देतो आणि तो अंदाज सढळ असतो. वायर जोडली, दिवा विझला. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर बॉनेट उघडून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

जांबोटी. शेतकरी

माझी जुनी डिझेल जीप आहे, पंप मेकॅनिकल. आमच्या तांबड्या मातीच्या वाटांवर एअर फिल्टर महिन्यात भरतो. भरला की काळा धूर येतो आणि ॲव्हरेज पडते, झटकला की सुधारते. हे मी शंभर वेळा पाहिले आहे.

(येथे एक खुलासा करतो. जुन्या डिझेल आणि कार्बोरेटरच्या गाड्यांत हे अगदी खरे आहे. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत मात्र हवा कमी आली की ईसीयू पेट्रोलही तेवढेच कमी करतो. त्यामुळे फिल्टर तुंबला तर पिकअप मरतो, पण ॲव्हरेजवर फारसा परिणाम होत नाही. अथणीच्या व्यापाऱ्यांनी फिल्टर बदलूनही फरक का पडला नाही, याचे हे कारण. इंजिनाच्या आयुष्यासाठी फिल्टर वेळेवर बदलावाच.)

संकेश्वर. ऊस उत्पादक

हल्ली कुणाचेही ॲव्हरेज पडले की तो इथेनॉलला दोष देतो, आणि आमच्या उसाचे इथेनॉल असल्यामुळे मला ते लागते. खरे काय आहे, ते कुणी समजावून सांगावे.

(हा प्रश्न मी बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका मित्राकडे नेला. त्याचे म्हणणे असे. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, हे नाकारता येत नाही. निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात दिलेला अंदाज असा, की शुद्ध पेट्रोलसाठी रचना केलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकीत वीस टक्के मिश्रणाने कार्यक्षमता ६ ते ७ टक्के घटते, तर दहा टक्क्यांसाठी रचना आणि वीस टक्क्यांसाठी जुळवणी असलेल्या गाडीत १ ते २ टक्के. म्हणजे १६ किलोमीटर देणारी जुनी गाडी १५ पर्यंत येऊ शकते. १६ ची १३ झाली असेल तर ते एकट्या इथेनॉलचे काम नव्हे, गाडीत दुसरे काही शोधावे. मला स्वतःला हा खुलासा उसाच्या आणि गाडीच्या अशा दोन्ही बाजूंना न्याय देणारा वाटला.)

अनगोळ, बेळगाव. सॉफ्टवेअर क्षेत्रातील तरुण

मी दोन गोष्टींवर पैसे घालवले. एक ओबीडी सॉकेटात खुपसायचे यंत्र, जे इंधन वाचवते असे जाहिरातीत होते. उघडून पाहिले तर आत लुकलुकणारा दिवा आणि त्याचा सर्किट एवढेच होते, माहितीच्या तारांना ते जोडलेलेच नव्हते. दुसरे म्हणजे ईसीयूचे रीमॅपिंग, म्हणजे त्यातला प्रोग्रॅम बदलून घेणे. गाडीची ताकद वाढली, हे मान्य करतो. ॲव्हरेज वाढले नाही, कारण मिळालेली ताकद मी वापरत राहिलो, आणि वॉरंटी गेली ती वेगळीच. ९५ ऑक्टेनचे महाग पेट्रोलही चार टाक्या भरून पाहिले. साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या माझ्या इंजिनाने त्याची काही दखल घेतली नाही.

शहापूरचे काका, दुसरे पत्र

उद्यमबागच्या गृहस्थांचे पत्र मी तीन वेळा वाचले. पुतण्याची गाडी घेऊन आम्ही दोघे आंबोलीला गेलो आणि घाट उतरताना मी डॅशबोर्डवरच्या क्षणोक्षणीच्या ॲव्हरेजच्या आकड्याकडे लक्ष ठेवायचे ठरवले. एका सरळ, मोकळ्या टप्प्यावर, पुढेमागे कुणी नाही हे पाहून, पुतण्याने ताशी चाळीसच्या वेगात काही सेकंद न्यूट्रल केले. आकडा पंचावन्न-साठच्या दरम्यान फिरत राहिला. पुन्हा तिसरा गिअर घातला, पाय काढला, आणि आकडा सरळ टोकाला जाऊन तिथेच थांबला. पुतण्या म्हणाला, "काका, आता इंजेक्टर बंद आहेत." दाणोलीपर्यंत मी दुसरे काही बोललो नाही. माझी जुनी वही मी ठेवून दिली आहे, कारण ती माझ्या पद्मिनीची आहे. नव्या गाडीसाठी नवी वही घातली.

अथणीचे व्यापारी, पंधरा दिवसांनी

स्कॅनर लावून मिरजेपर्यंत गेलो. पाऊण तास चालवल्यावरही तापमान ६३ अंश. येथील मिस्त्रीने थर्मोस्टॅटचे घर उघडले, आत काहीच नव्हते. नवा थर्मोस्टॅट बसवला आणि रेडिएटरमध्ये साध्या पाण्याऐवजी कुलंट भरले. आता काटा मध्यावर उभा राहतो आणि तो पाहून सुरुवातीला मला भीतीच वाटत होती. दोन टाक्या झाल्या आहेत, १५.१ आणि १५.४. तिसरी टाकी भरली की कळवतो.